नाताळातील आगबोट आणि अग्निजन्य सरोवरांचा एक दिवस

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एकीकडे तानसेन समारोहाच्या मैफलींची आणि दुसरीकडे मेळ्याच्या मैदानावर उभ्या राहू लागलेल्या दुकानांची बोलणी सुरू होतात, ही रीत जुनीच आहे. परंतु अलीकडे लष्कर भागातील काही घरांत त्यांच्या जोडीला आणखी एक विषय येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे ऑकलंडला किंवा सिडनीला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या चिरंजीवांनी अथवा कन्येने आईवडिलांना नाताळच्या सुट्टीत घडवून आणावयाची आगबोटीची सफर. ज्यांनी समुद्र पाहिला तो मुंबईला लग्नकार्यासाठी गेले असता चौपाटीवरून, आणि बोटीत पाऊल टाकले ते घारापुरीला जाण्यापुरतेच, अशा गृहस्थांना या सफरीत खरी गोंधळात टाकणारी गोष्ट समुद्र ही नसते. बोट सकाळी धक्क्याला लागल्यापासून सायंकाळी सुटेपर्यंत जो आठ-दहा तासांचा अवकाश हाती येतो, त्याचे करावयाचे काय, हा त्यांचा प्रश्न असतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टौरंगा हे बंदर आणि त्याच्या पाठीमागे पसरलेला रोटोरुआचा सरोवरप्रदेश हा अशा सफरीतील सर्वांत समृद्ध, आणि म्हणूनच सर्वांत सहज वाया जाणारा दिवस होय. सबब त्या एका दिवसाची तजवीज कशी करावी, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेख मर्यादित ठेवला आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या ग्वाल्हेरचा आगबोटींशी काही संबंधच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 1900 साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा माधवराव महाराज शिंदे यांनी एक रुग्णनौका सज्ज करून दिली होती, तिचे नाव ‘ग्वाल्हेर’ असेच होते आणि महाराज स्वतःही त्या मोहिमेवर गेले होते. पुढे पहिल्या महायुद्धात ‘लॉयल्टी’ ही दुसरी रुग्णनौका त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, जी मुळात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने पॅसिफिक महासागरात उतारूंची ने-आण करीत असे. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकत घेतली, आपल्या जहाजकंपनीला सिंदिया हेच नाव दिले, आणि 5 एप्रिल 1919 रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे रवाना झाली. आपल्या देशात 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात तो याच रवानगीच्या स्मरणार्थ. तेव्हा बोटीच्या शिडीवर पाय ठेवताना आमच्या लष्करवासीयाने फार संकोचावे असे इतिहासात तरी काही नाही.

आता ज्या प्रदेशात जावयाचे त्याचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या परिचयाची सरोवरे त्या जातीची नाहीत. शिवपुरीचा सख्यासागर, जिथे आपण मुलांना मगरी दाखवावयास नेतो आणि ज्याला 2022 साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तो 1918 साली नदी अडवून केलेला मानवनिर्मित तलाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे सरोवर काळ्या अग्निजन्य खडकात आहे खरे, आणि त्यामुळे पुष्कळ सुशिक्षित माणसेही त्याला ज्वालामुखीचे मुख समजून बसतात. परंतु ते उल्कापाताने झालेले विवर आहे, तसेच आपल्या शिवपुरी जिल्ह्यातील ढाला गावाजवळचे सुमारे 11 किलोमीटर व्यासाचे, आज बहुतांशी झिजून गेलेले प्राचीन विवरही उल्केचेच. रोटोरुआकडील सरोवरांची उत्पत्ती याहून सर्वस्वी निराळी आहे. तेथे पॅसिफिक महासागराच्या तळाचे कवच ऑस्ट्रेलियाच्या कवचाखाली सरकत जाते, खोलवर शिलारस तयार होतो, तो प्रचंड उद्रेकात बाहेर फेकला गेला की खालची पोकळी वरच्या भूमीचा भार पेलू शकत नाही, आणि मैलोगणती प्रदेश एकदम खाली बसतो; त्या खोलगट भागात पाणी साचून सरोवर होते. रोटोरुआ सरोवराचे खोरे असेच, सुमारे 2,40,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकात बसलेले आहे, आणि त्याच्या दक्षिणेस असलेले टाउपो, जे त्या देशातील सर्वांत मोठे सरोवर, त्याचे क्षेत्रफळ 616 चौरस किलोमीटर आहे. भूगर्भातील हा अग्नी विझलेला नाही, किंबहुना तो पुरता झोपलेलाही नाही, ही गोष्ट या लेखात पुढे पुन्हा सांगावी लागणार आहे.

ग्वाल्हेरच्या वाचकाला काळाची खूणगाठ बांधता यावी म्हणून सांगतो. 1886 हे साल आपल्या दप्तरात दोन कारणांनी नोंदलेले आहे : त्या वर्षी किल्ला इंग्रजांकडून शिंद्यांकडे परत आला, आणि त्याच वर्षीच्या 20 जून रोजी जयाजीराव महाराज निवर्तले व दहा वर्षेही पूर्ण न झालेले माधवराव गादीवर आले. त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, 10 जूनच्या पहाटे, रोटोरुआजवळचा टारावेरा पर्वत माथ्यापासून दुभंगला. सुमारे 120 माणसे गेली, टे वायरोआ हे गाव चिखलाखाली गाडले गेले, आणि रोटोमहाना सरोवराकाठच्या ज्या शुभ्र व गुलाबी सोपानांची कीर्ती ऐकून युरोपातून प्रवासी येत असत, ते गरम झऱ्यांतील सिलिकेने हजारो वर्षांत घडवलेले सोपान एका रात्रीत नाहीसे झाले. सोफिया हिनेरांगी नावाची माओरी वाटाड्या स्त्री, जी त्या काळच्या साहेबलोकांना सोपानांकडे घेऊन जात असे, तिच्या घराचे छप्पर पक्के निघाल्यामुळे त्यात आश्रय घेतलेली साठेक माणसे वाचली. त्या उद्रेकाने पडलेली भेग म्हणजेच आजची वायमांगूची दरी, आणि एका दिवसात एकच गोष्ट नीट पाहावयाची असेल तर ती दरी पाहावी, असे माझे मत आहे; त्याची कारणे यथावकाश देतो.

प्रथम कागदपत्रांचा बंदोबस्त. भारतीय पारपत्र असलेला उतारू जर बोटीनेच न्यूझीलंडात येऊन बोटीनेच बाहेर पडणार असेल, तर त्याला तेथील इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवान्यावर भागवता येते. पण तो विमानाने ऑकलंडला उतरून, मुलाकडे चार दिवस राहून, मग बोटीवर चढणार असेल, आणि आपल्याकडील बहुसंख्य मंडळी असेच करतात, तर त्याला रीतसर अभ्यागत व्हिसाच हवा. सफर सिडनीहून निघून सिडनीलाच संपणारी असल्यास ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यावे. मुलगा सांगतो म्हणून विश्वास ठेवू नये, कारण मुले हुशार असली तरी घाईत असतात. याखेरीज आगमनापूर्वी भरावयाचे एक प्रवासी-घोषणापत्र असते. ते विनामूल्य आहे, आणि त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. हे सर्व नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी बोट-कंपनीकडून आणि त्या त्या देशाच्या व्हिसा-दप्तरातून ताजी खातरजमा करून घ्यावी. बंदरावर उतरताना पारपत्राची छायाप्रत, बोटीवर मिळालेले ओळखकार्ड आणि छायाचित्र असलेले एक ओळखपत्र एवढे जवळ असले म्हणजे पुरते. मूळ पारपत्राविषयी बोटीवरचे कारकून जे सांगतील त्याप्रमाणे वागावे.

कागदपत्रांनंतर खाद्यपदार्थ, आणि या बाबतीत आपल्या माणसांचे हात नेहमी अडकतात. थंडीचे दिवस, मुलाला मुरैन्याची गजक आवडते, सुनेसाठी घरचे मेतकूट, नातवासाठी डिंकाचे लाडू, आणि तळाशी लोणच्याची बरणी, अशी आईची पेटी भरलेली असते. न्यूझीलंडचे जैव-सुरक्षेचे कायदे जगातील अत्यंत कडक कायद्यांपैकी आहेत. त्या बेटांवर बाहेरचा कीटक, बी वा रोग येऊ नये म्हणून जकातीच्या शिपायापेक्षाही दक्ष अशी माणसे आणि वास घेणारी शिकवलेली कुत्री धक्क्यावर आणि विमानतळावर उभी असतात. नियम असा की, जे काही खाण्याजोगे आहे ते सर्व घोषणापत्रात नमूद करावे. नमूद केलेली वस्तू त्यांनी काढून घेतली तर केवळ वस्तू जाते, पण न सांगितलेले एखादे संत्रे पिशवीत सापडले तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. मध, ताजी फळे, बियाणे आणि घरगुती दुधाचे पदार्थ मुळातच नेऊ नयेत. किनाऱ्यावर उतरताना तर आणखी एक मोह टाळावा लागतो : सकाळच्या न्याहारीच्या टेबलावरून ‘वाटेत लागेल’ म्हणून उचललेले सफरचंद किंवा केळे बोटीवरच ठेवून यावे. बुटांच्या तळव्याला माती चिकटली असल्यास तीही धुऊन टाकावी.

किनाऱ्यावरच्या सहलीचे दोन मार्ग असतात. बोट-कंपनीच आपल्या बसगाड्या ठरवून सहली नेते, त्यांना शोअर एक्सकर्शन म्हणतात. अथवा आपण स्वतंत्रपणे मोटार किंवा स्थानिक सहल ठरवावी. कंपनीची सहल महाग पडते, तिच्यात चाळीस-पन्नास माणसांच्या सोयीने चालावे लागते, आणि एखाद्या भेटवस्तूंच्या दुकानात अर्धा तास खर्ची पडतोच. परंतु तिचा एक गुण असा की, रस्त्यावर अपघात होऊन ती बस अडकली तर सर्वसाधारणपणे बोट तिच्यासाठी थांबते, आणि स्वतंत्रपणे गेलेल्या कुटुंबासाठी ती थांबत नाही. धक्क्यावर धावत येणारे उतारू आणि दोर सोडून निघालेली बोट हा प्रकार तेथे इतका परिचित आहे की, वरच्या डेकवरील मंडळी टाळ्या वाजवून त्यांना उत्तेजन देतात. ज्यांना त्या टाळ्या नको असतील त्यांनी हिशेब नीट करावा. ज्यांचा मुलगा त्याच देशात राहतो, मोटार चालवतो आणि रस्ता जाणतो, त्यांनी निःशंकपणे स्वतःची सोय करावी, कारण तेथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते आणि रस्ते उत्तम आहेत. केवळ वृद्ध जोडपे असेल तर मात्र कंपनीच्या सहलीचे जादा पैसे विम्याचा हप्ता समजून द्यावेत.

बोट लागते ती माउंट मौंगानुईच्या धक्क्याला, मौआओ या 232 मीटर उंचीच्या शांत झालेल्या शंकुगिरीच्या पायथ्याशी. तेथून रोटोरुआ साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे तास-सव्वातासाचा रस्ता आहे. मार्ग दोन आहेत : एक पाइज पा गावावरून डोंगर ओलांडून जाणारा, आणि दुसरा टे पुके या किवीफळांच्या बागांच्या गावावरून, जेथे आपल्याकडील पंजाबी मंडळी मोठ्या संख्येने वस्ती करून आहेत आणि त्यांचा गुरुद्वाराही आहे, रोटोइटी सरोवराच्या काठाने येणारा. जाताना पहिला धरावा आणि येताना दुसरा. परंतु वेळ कमी उरला असेल तर हा रसिकपणा सोडून द्यावा. डिसेंबर हा तिकडे भर उन्हाळा असतो, दिवस रात्री साडेआठच्या पुढेपर्यंत लांबलेला असतो, आणि समुद्रकाठी पोहुटुकावा नावाचे वृक्ष लाल फुलांनी डवरलेले असतात, ज्यांना तेथील लोक नाताळवृक्षच म्हणतात.

वायमांगूची शिफारस मी का करतो, ते आता सांगतो. रोटोरुआ नगराच्या दक्षिणेस, मोटारीने सुमारे पंचवीस मिनिटांवर, ही दरी सुरू होते आणि पायवाट तेथून सतत उताराने रोटोमहाना सरोवरापर्यंत जाते. म्हणजे फारसा चढ चढावा लागत नाही, परत येण्यास बस मिळते, आणि वाटेतही काही ठिकाणी ती थांबते, जेणेकरून ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनीही पुष्कळसा भाग पाहावा. प्रथम लागते ते ‘फ्राइंग पॅन’ नावाचे उष्ण सरोवर, जे 1917 सालच्या एका लहानशा उद्रेकानंतर भरले. त्याच्या पृष्ठभागावरून वाफेचे पदर वाऱ्याबरोबर सरकत राहतात, आणि पाणी उकळल्यासारखे दिसत असले तरी ते पुष्कळसे वायूच्या बुडबुड्यांमुळे. त्याच्या पुढे, थोड्या पायऱ्या चढून, ‘इन्फर्नो’ विवराचे सरोवर आहे. दाट दुधात नीळ कालवावी तसा त्याचा रंग असतो, पाणी आम्लधर्मी व अतिशय तप्त असते, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याची पातळी सुमारे 38 दिवसांच्या आवर्तनाने कित्येक मीटर खाली जाते व पुन्हा वर येते, काठ भरून वाहू लागते आणि पुनश्च ओसरते. आपण जाल त्या दिवशी ते भरलेले असेल की रिकामे, हे दैवाधीन आहे. तथापि रिकामे असले तरी काठाच्या खडकावर पाण्याने मागे सोडलेली पांढरट रेषा पाहून त्याची भरती किती उंच जाते ते ध्यानात येते. तेथून पुढे ओहोळाच्या तळाशी हिरवे, केशरी आणि काळपट असे पट्टे दिसू लागतात. ते खनिजांमुळे आणि उष्ण पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे व जंतूंमुळे उमटलेले असतात, आणि पाण्याचे तापमान बदलले की त्यांचा रंगही बदलतो. ज्याने शाळेत रसायनशास्त्राचा पेपर रडतखडत उत्तीर्ण केला त्यालाही येथे तो विषय रम्य वाटेल.

दरीच्या शेवटी रोटोमहाना सरोवर आहे, आणि तेथे एक लहान बोट पाऊण तासाची फेरी करते. आगबोटीवरून उतरून पुन्हा बोटीतच बसावे काय, असा प्रश्न काही मंडळी करतात. त्यांना एवढेच सांगावयाचे की, काठच्या कड्यांतून सुटणाऱ्या वाफा आणि पाण्याच्या वर उसळणारे लहान फवारे जमिनीवरून दिसतच नाहीत, शिवाय हे सरोवर 1886 पूर्वी होते त्याच्या कित्येक पटींनी मोठे झालेले असून, ते शुभ्र सोपान पूर्णपणे नष्ट झाले की त्यांचा काही अंश तळाच्या गाळाखाली शिल्लक आहे, याविषयी भूशास्त्रज्ञांत अद्याप वाद चालू आहे. फेरीच्या जागा आगाऊ राखून ठेवाव्यात. नाताळच्या आठवड्यात ‘तेथे गेल्यावर बघू’ हे आपले लाडके धोरण चालत नाही.

साडेआठला धक्का सोडला तर दहाच्या सुमारास दरीच्या तोंडाशी पोहोचता येते आणि एक-दीड वाजेपर्यंत ती आटोपते. मग रोटोरुआ नगरात यावे. येथे फाकारेवारेवा हे माओरींचे गाव आहे, ज्यात माणसे आजही वाफाळत्या भूमीवर घरे करून राहतात, जमिनीतील वाफेवर अन्न शिजवतात आणि झऱ्याच्या पाण्याने स्नान करतात. शाकाहारी वाचकांनी येथे उकळत्या कुंडात जाळीच्या पिशवीने सोडून शिजवलेले मक्याचे कणीस अवश्य खावे. मीठ लावावे लागत नाही, कारण पाण्यातील क्षार दाण्यांत उतरलेले असतात. ‘हांगी’ म्हणून जे भोजन सर्वत्र सांगितले जाते त्यात मांस व कंदमुळे बहुधा एकत्रच वाफवतात, म्हणून भाज्यांची टोपली निराळी होती काय, हे विचारल्याशिवाय पानावर बसू नये. गावाला लागूनच असलेल्या टे पुइया येथील पोहुटू हा उष्णोदकाचा फवारा तीस मीटरपर्यंत उडतो आणि दिवसातून अनेक वेळा उडतो, त्यामुळे त्याच्यासाठी घड्याळ धरून बसण्याचे कारण पडत नाही. फवाऱ्याचे तुषार चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर पडले तर ते तत्काळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. वाळले की त्यातील सिलिका काचेवर डाग धरते आणि मग तो घासूनही निघत नाही. माओरी सभागृहात प्रवेश करताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात, ज्या टेबलावर अन्न ठेवतात त्यावर बसू नये असा संकेत आहे आणि दुसऱ्याच्या मस्तकाला हात लावणे असभ्य समजतात. यांतले पहिले दोन आपल्या आजीनेही सांगितले असते, तिसरे तेवढे नातवंडांच्या डोक्यावर कौतुकाने हात फिरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नगराच्या समोरच्या सरोवरात मोकोइया नावाचे बेट आहे. काठावरच्या हिनेमोआ नामक युवतीला बेटावरील टुटानेकाईकडे जाऊ देऊ नये म्हणून आप्तांनी सर्व होड्या दूर ओढून ठेवल्या, तेव्हा ती रात्री कोरडे भोपळे अंगाला बांधून, त्याच्या बासरीच्या स्वरामागे पोहत पलीकडे गेली, अशी कथा तेथे सांगतात. तानसेनाच्या गावच्या माणसाला ती अशक्य वाटू नये.

दक्षिणेस आणखी पुढे वाय-ओ-टापू म्हणून प्रसिद्ध स्थळ आहे, जेथील ‘लेडी नॉक्स’ फवारा रोज सकाळी सव्वादहाला साबणाचा चुरा टाकून उडवतात. पूर्वी तेथील कैदी झऱ्यात कपडे धूत असताना साबणाचा हा परिणाम योगायोगाने कळला, असे सांगतात. बंदरावरून निघून ती वेळ गाठण्याच्या अट्टहासात सकाळ धावपळीत जाते, आणि हाती येतो तो गर्दीत उभे राहून पाहिलेला पंधरा मिनिटांचा खेळ. तेथील रंगीत ‘शॅम्पेन’ कुंड निःसंशय अप्रतिम आहे; पण ज्यांचा मुक्काम रोटोरुआत आहे त्यांनी ते पाहावे, बोटीच्या उतारूंनी नव्हे. उलट जे फार वृद्ध आहेत, ज्यांना दरी उतरवणार नाही, त्यांनी नगरातील कुइराऊ उद्यानात जावे, जेथे प्रवेशमूल्य नाही आणि गरम पाण्यात पाय सोडून बसण्यासाठी कुंड बांधलेले आहे, आणि तेथून 1901 साली लावलेल्या कॅलिफोर्नियाच्या रेडवूड वृक्षांच्या वनात सावकाश फिरून यावे. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांत ज्यांनी स्नान केले आहे त्यांना येथे काही नवे शिकावे लागणार नाही, एक गोष्ट सोडून : नैसर्गिक उष्ण कुंडात डोके पाण्याखाली घालू नये, कारण त्यात क्वचित असणारा एक अमीबा नाकावाटे शिरून प्राणघातक मेंदूज्वर उत्पन्न करतो. तीर्थ समजून बुडी मारण्याची आपली सवय येथे कटाक्षाने आवरावी.

आता धोक्याविषयी, आणि येथे मी जरा कठोरपणे लिहिणार आहे. 9 डिसेंबर 2019 रोजी, याच किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर समुद्रात असलेल्या फाकारी या ज्वालामुखी बेटावर दुपारी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर 47 माणसे होती. त्यांतील 22 जणांचा अंत झाला, आणि पुष्कळसे प्रवासी टौरंग्याच्या धक्क्याला लागलेल्या एका क्रूझ-बोटीवरून किनारा-सहलीसाठी गेलेले होते. तीनच आठवडे आधी त्या बेटाची धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेल्याची सूचना शास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेली होती. परंतु सहलीच्या जाहिरातीत ती सूचना आपले लक्ष वेधून घेईल अशा रीतीने कोण छापणार? म्हणून आपण जेथे जाणार त्या ज्वालामुखीचे नाव विचारावे आणि तेथील ‘जिओनेट’ या संस्थेच्या पत्रकात त्याची पातळी शून्य ते पाच यांपैकी कोणती दिली आहे, हे आदल्या रात्री बोटीवरच पाहावे. शून्य असेल तर निघावे. एक असेल तर विचार करावा, आणि दोन असेल तर त्या दिवशी समुद्रकिनारी बसून आइसक्रीम खावे. कंपनीने सहल रद्द केली नाही, एवढ्यावरून ती सुरक्षित आहे असे अनुमान काढणे अशास्त्रीय होय. शून्य पातळीच्या प्रदेशातही भूमीचा भरवसा धरू नये : कुइराऊ उद्यानात, भर नगरात, जानेवारी 2001 मध्ये एका कुंडाने अचानक चिखल व दगड उडवले होते. लाकडी पुलाच्या आणि कठड्याच्या बाहेर, छायाचित्रासाठी का होईना, एक पाऊलही टाकू नये. पांढरट कवच टणक दिसते आणि त्याच्याखाली उकळते पाणी असू शकते. लहान मुलांचा हात सोडू नये, आणि मुले मोठी असतील तर त्यांचा मोबाइल खिशात ठेवायला लावावा.

या प्रदेशाच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो व त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास नगरात शिरताच येतो. तासाभरात नाक त्याला सरावते. दम्याच्या रोग्यांनी मात्र त्याला सरावण्याची वाट न पाहता आपला पंप जवळ बाळगावा आणि दाट वाफेत फार वेळ उभे राहू नये. सुवासिनींनी एक लक्षात घ्यावे की, याच वायूने चांदी काळी पडते : पायांतली जोडवी, पैंजण, चांदीची मुदी ही आदल्या रात्री बोटीवर काढून ठेवावीत, विशेषतः कुंडात पाय सोडावयाचे असतील तर; मंगळसूत्रातील सोन्याला भय नाही. साडीचा हट्ट असल्यास ती सुती व आखूड नेसावी, कारण वाफेने लाकडी वाट ओली असते. मला विचाराल तर पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले बूट हेच इष्ट. ऊन मृदू वाटते पण त्या अक्षांशावरील किरण अत्यंत तीव्र असतात, आणि ग्वाल्हेरचा मे महिना सोसलेला माणूस ‘हे कसले ऊन’ म्हणून टोपी न घालता फिरतो व रात्री भाजलेल्या मानेवर कोरफड शोधतो.

सुट्ट्यांचा हिशेब निराळाच आहे. बोटीच्या वेळापत्रकात टौरंग्याचा दिवस 25 डिसेंबरला आला असेल तर ते तिकीट घेण्यापूर्वीच पाहावे, कारण त्या दिवशी तेथील जवळजवळ सर्व दुकाने कायद्यानेच बंद असतात, बहुतेक प्रेक्षणीय स्थळांनाही कुलूप असते, आणि मोठ्या उत्साहाने उतरलेल्या मंडळींना ओसाड रस्ते पाहून परतावे लागते. 26 डिसेंबर तसेच जानेवारीची 1 व 2 तारीख याही सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्या दिवशी स्थळे उघडी असली तरी उपाहारगृहे बिलावर सुट्टीचा जादा आकार लावतात, त्यावर हुज्जत घालू नये. बक्षिशीची प्रथा तेथे नाही. रोख पैशांची फारशी गरज पडत नाही, परंतु आपले बँक-कार्ड परदेशी व्यवहारासाठी खुले केले आहे काय, हे ग्वाल्हेरातच शाखेत जाऊन विचारून घ्यावे.

शेवटी घड्याळ. सिडनीहून निघालेली बोट टास्मान समुद्र ओलांडते तेव्हा घड्याळ दोन तास पुढे करावे लागते. बोटीवरची वेळ एक, मोबाइलने परस्पर धरलेली दुसरी आणि मनगटावरची तिसरी, अशी त्रेधा उडू शकते, म्हणून उतरताना शिडीपाशी लिहिलेली परतीची वेळ वाचून त्या वेळेला सर्वांनी मनगटी घड्याळे लावून घ्यावीत. ती वेळ बोट सुटण्याची नसते, सर्वांनी चढून झाल्याची असते, आणि साधारणतः सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. बोट सहाला सुटणार असेल तर रोटोरुआ सव्वातीनला सोडावे. सुट्टीच्या दिवसांत टौरंग्याच्या वेशीवर वाहने तुंबतात. एवढी सारी तयारी करूनही वाऱ्यामुळे बोट बंदरात शिरलीच नाही, असे घडू शकते. त्या वेळी कंपनीच्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात. स्वतंत्रपणे ठरवलेल्या मोटारीचे आणि वायमांगूच्या तिकिटांचे मिळतील की नाही, हे त्यांच्या अटींवर अवलंबून असते, म्हणून ‘बोट न लागल्यास रक्कम परत’ हे कलम पावतीवर लेखी असल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत.